माघारी आलेले तिघे

माझे वडील भोरच्या एका वाचनालयात शिपाई होते. मेंढरं राखायची सोडून पेपरांच्या चळती राखतो, म्हणून आत्या त्यांना चिडवायची. आकाशात माणूस गेल्याची बातमी आली की तो पेपर जुना झाल्यावर ते घडी घालून ठेवायचे. सुट्टीत नसरापूरला एसटी बदलून आम्ही वेल्ह्याला जायचो, तिथून चढून आत्याच्या वस्तीवर. तोरण्याच्या अंगाला चार घरं, बाकी शेरडं-मेंढरं. मी पेपर वाचून दाखवायचे आणि आत्या लोकर पिंजता पिंजता ऐकायची. शेवटी तिचा एकच प्रश्न असायचा, "माघारी आली का?" चंद्रावर गेलेले आले म्हटल्यावर ती खूश झाली. माझ्या जन्माच्या वेळच्या एका पेपरातली, रशियाने वर पाठवलेली कुत्री मात्र आली नव्हती. "आणायची न्हवती तर धाडली कशाला?" म्हणून ती माझ्या वडिलांवरच चिडली, जणू त्यांनीच धाडली होती. कळपातलं एक जनावर कमी भरलं तरी तिला भाकर गोड लागत नसे.

एकाहत्तर साली तिचा एकुलता एक मुलगा पलटणीतून सुट्टीवर आला. मी त्याच्या मामाची पोर, म्हणून त्याला पाळण्यातच ठरलेली. चौदा वर्षांची होते, त्याच्यासमोर तोंड उघडत नसे. पण जीव लागायला तेवढं वय पुरतं. त्याला निरोप द्यायला आम्ही वर गेलो, तेव्हा वडिलांच्या पिशवीत ताजा पेपर होता. रशियाचे तिघे आकाशात उभारलेल्या एका घरात राहायला गेले होते. आत्याने दोन्ही गोष्टींची गाठ मारून टाकली. "ती तिगं सुकरूप उतरली की माजं पोर बी येतंय बग. उतरली की येऊन सांग मला." सीमेवर गडबड सुरू होती आणि त्यानंतर मुलाचं पत्रही आलं नाही. मला आत्याचं हे गणित खुळचट वाटलं, आणि गुपचूप मीही तेच मांडत बसले.

तिघे उतरले. वडिलांनी घरी येऊन हळू आवाजात सांगितलं. यान नीट जमिनीवर टेकलं, लोकांनी धावत जाऊन दार उघडलं, तर तिघेही आपापल्या जागी झोपल्यासारखे. आतली हवा वाटेतच निघून गेली होती. "आत्याला काय बोलू नगंस," वडील म्हणाले. पण मी शब्द दिला होता आणि ती वाट बघत असणार होती. रविवारी कुणालाही न विचारता मी एकटीच गाडीत बसले. घरातला सगळा शहाणपणा माझ्याच वाट्याला आला होता ना.

पावसापाण्याचं त्या वाटेने उगाच कुणी चढत नाही. आत्याने मला लांबूनच पाहिलं, एकटी आणि चिंब. मेले म्हणायचं नाही, एवढं मी वाटभर घोकलं होतं. आमच्यात तसं कुणी म्हणतही नाही. माणूस गेला तरी सांगावा आणणारा म्हणतो, जरा बरं नाही, निघा. पुढचं ऐकणाऱ्याने ओळखायचं. मीही मोठ्या बाईसारखी म्हणाले, "आत्या, आले खाली. पण जरा बरं न्हाई त्येस्नी."

तिच्या हातातली पाटी पडली. कुणाला बरं नाही, हे तिने विचारलंच नाही. मुलाचं नाव घेऊन तिने जो हंबरडा फोडला, तो अजून माझ्या कानात आहे. चारी घरांतल्या बाया धावल्या. कुणी तिला धरलं, कुणी मला पोटाशी घेतलं. माझंही नशीब फुटलं होतं त्यांच्या लेखी. मी "रशियाचे, रशियाचे" म्हणत राहिले, पण त्या आकांतात कोण ऐकतंय? तिला पटायला बराच वेळ लागला. मग पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "मग आता म्या रडले, त्येचं काय करू?"

"जित्या मानसाला रडलं तर त्येचं आविश्य वाडतं," शेजारीण म्हणाली. आत्याने मान हलवली. तिचा विश्वास बसला नव्हता.

पुढे लढाई झाली, संपली आणि तो आला, धडधाकट. आणखी चार वर्षांनी तो पलटण सोडून घरी आला आणि मी त्या घरात सून म्हणून गेले. रोज सकाळी चूल पेटवण्याआधी आत्या त्याच्या नाकाशी तळहात धरायची. सुरुवातीला तो हसला, मग वैतागला, मग डोळे न उघडताच म्हणायला लागला, "जिता हाय, आये." तेव्हा कुठे हात मागे जायचा. दोघांनीही मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. त्या तीन परक्या माणसांना त्या घरात मीच आणून सोडलं होतं, आणि ती काही जायला तयार नव्हती.

आत्या गेली तेव्हा वाटलं, चला, निदान हे तरी सुटलं. असं वाटल्याची लाजही वाटली. तेराव्यानंतर एका सकाळी तो झोपेतच पुटपुटला, "जिता हाय, आये."

घरात आम्ही दोघंच होतो. हात माझा होता.