अकरा वल्हेकरी

"दिलेलं वाण परत मागायला जाणार तुम्ही? दारोदार?" मालविकाने भिजवलेल्या हरभऱ्यांचं पातेलं ओट्यावर आपटलं. "मग मीही येते की बरोबर. दोघींची एकदमच शोभा होईल."

"तू कशाला? दिलेस तू, आणते मी." विद्युल्लता ताटावर वाकून चिमुकले, हाताने घडवलेले शिपाई मोजत होती. ही तिसरी खेप. मोजून काही वाढणार नव्हते, हे तिला पहिल्या खेपेलाच कळलं होतं.

"मी विचारून मांडले होते, ताई. शाळेत फोन करून विचारलं. 'मांड' म्हणालात."

"मांड म्हणाले. वाटून टाक म्हणाले नव्हते."

"अहो, पण रंगवलेलेच दिले ना! ते करडे, कच्चे आहेत त्यांतल्या एकालाही हात लावला नाही. कुणी नावं ठेवू नयेत म्हणून निवडून चांगले दिले."

मालविकाला खरोखरच वाटत होतं की तिने काळजी घेतली. या भावजयीशी भांडणं म्हणूनच अवघड. तिच्या मनात खोट नसे, आणि त्यामुळे भांडणाला कुठे हातच घालता येत नसे.

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. "सोन्याचे होते का गं ते?"

विद्युल्लताने ताट बाजूला सरकवलं.

आदल्या दिवशी घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं होतं. या हिंदी मुलखातल्या नदीकाठच्या शहरात, ब्रह्मा घाटाच्या आसपासच्या मराठी घरांत चैत्रात गौर झोपाळ्यावर बसते, तिच्यापुढे पायऱ्यापायऱ्यांची आरास होते, आणि आलेल्या बायकांना पन्हं, कैरीची डाळ, हरभरे दिले जातात. या आराशीसाठी विद्युल्लता दर वर्षी काही ना काही करी. ती मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते, म्हणजे ते तिचंच काम, असं घरात कधीतरी ठरून गेलं होतं. मातीचे आंबे झाले, कागदी पोपट झाले, एके वर्षी विहीर आणि रहाट झाला. या वर्षी ती म्हणाली, मला वेळ नाही. मालविकाने मान हलवली आणि आराशीच्या दिवशी कपाट उघडलं. कपाटात ताटभर शिपाई होते. अंगठ्याच्या पेराएवढे, काही अजून करडे, काही रंगवलेले आणि हातात वल्हं धरलेले. इतकं सगळं करून ठेवलंय आणि वेळ नाही म्हणतात, असं तिला वाटलं असेल. आरास अप्रतिम झाली. सगळ्यांनी नावाजली. आणि निघताना लहान मुलींच्या हातात काय द्यावं म्हणून मालविकाने एकेक वल्हेकरी दिला.

एकूण अकरा.

विद्युल्लता एकोणपन्नास वर्षांची आहे. विद्यापीठात मूर्तिकला शिकली तेव्हा तिला मोठमोठ्या मूर्ती करायच्या होत्या. मग बाबांचं आजारपण निघालं, धाकट्या भावाचं, विश्वेशचं, शिक्षण निघालं, दोन स्थळं आली ती आपोआप परत गेली, आणि मोठ्या मूर्ती करायला जागा कुठे होती? बाबांच्या मागे आईचा मधुमेह आला. दिवसातून तीन वेळा इन्सुलिनची सुई, ती विद्युल्लतानेच द्यायची, कारण आईच्या मते विश्वेशचा हात जड आणि मालविकाचा कापतो. या गोष्टीला बारा वर्षं झाली. बारा वर्षांत विद्युल्लता एकही रात्र घराबाहेर झोपलेली नाही.

सात वर्षांपूर्वी शाळेच्या प्रदर्शनात काशीनाथ नावाचा एक पालक तिच्या मातीच्या होड्यांपुढे बराच वेळ उभा राहिला. रेल्वेच्या कारखान्यात इंजिनिअर होता. "मैडम, ऐसी एक नाव लकड़ी की बना देंगी? हमारे खेल के लिए?" तिने खोजव्यातल्या लाकडी खेळणी करणाऱ्या खराद्याकडून लाकडाचे उरलेले तुकडे आणून होडी करून दिली, आणि ती कशाला हवी होती ते बघायला एका रविवारी शहरातल्याच सिगऱ्याला गेली. एका कोचिंग क्लासच्या रिकाम्या हॉलमध्ये पाच पुरुष एका मोठ्या टेबलाभोवती उभे होते. टेबलावर टेकड्या, नदी, पडकी गावं, आणि समोरासमोर दोन फौजा. कुणी टेपने अंतर मोजत होतं, कुणी फासे टाकत होतं. कोण किती पुढे सरकला, कोण मेला, याचे नियम शंभर पानांचे होते. ती उभी राहिली ती दुपार होईपर्यंत. तिथे तिला कुणी चहा करायला सांगितलं नाही. उलट चहा आणून दिला.

पुढे तिने स्वतःची फौज उभी केली. काशीनाथकडचे लोक परदेशी डबे मागवत, त्यातले शिपाई जोडत आणि रंगवत. विद्युल्लताने एकच डबा घेतला. त्यातल्या शिपायांचे भाले आणि ढाली कापून टाकल्या, मनगटात सुईएवढं भोक पाडून तार बसवली, त्यावर एम-सीलची बोटं केली, आणि बोटांत दुधाच्या आइस्क्रीमच्या काडीचं वल्हं. बाकीचे तिने मुळापासून घडवले. आईच्या सुयांची टोपणं कापून कंदील झाले. गोळ्यांच्या चंदेरी पाकिटांतून खवले झाले. टूथपिकने लाटलेल्या पुट्टीचे गमछे झाले. तिची फौज म्हणजे पुरात बुडालेल्या एका शहराचे मल्लाह, मेल्यावरही रात्रंदिवस नावा वल्हवणारे. थकलेले होते सगळे. खांदे पडलेले, माना पुढे आलेल्या. क्लबातला एक जण म्हणाला होता, "मैडम, आपकी फौज लड़ने आई है कि ड्यूटी से लौटी है?" सगळे हसले होते. तीही हसली होती.

आता या शनिवारी-रविवारी लखनौला स्पर्धा होती. काशीनाथने तिकिटं काढली होती. चौसष्ट शिपाई लागायचे. कच्चे रंगवायला एकेक दुपार पुरली असती, वल्हेकरी पुन्हा करायला नाही. त्या अकरांवर पाच महिन्यांच्या दुपारी गेल्या होत्या. शाळा सकाळची, बाराला सुटते. बारा ते चार, आईची एक सुई आणि मालविकाची दोन कामं वजा जाता.

मालविका पुन्हा हरभरे निवडायला बसली होती. "जाच मग," ती म्हणाली. "पण मी सांगितलं म्हणू नका."

विद्युल्लता कापडी पिशवी घेऊन बाहेर पडली.

मंगला गौरीच्या देवळापाशी पद्माकाकूंच्या तीन नाती. तिघींना तिघे मिळाले होते. दोघांना मुलींनी बादलीत पोहायला सोडलं होतं. एकाचं वल्हं मोडलं होतं, पण रंग शाबूत होता, वार्निश धरून राहिलं होतं. तिसरा धाकट्या मधुवंतीच्या मुठीत.

"दे मावशीला," पद्माकाकू म्हणाल्या.

"नहीं देंगे. हमको मिला है."

"अगं, मावशीचं आहे ते."

"तो दिया क्यों था?"

प्रश्न बरोबर होता. पद्माकाकूंनी मूठ सोडवायला हात घातला तशी पोरीने भोकाड पसरलं. विद्युल्लता म्हणाली, राहू द्या. दोन पिशवीत टाकले. पद्माकाकू दारापर्यंत आल्या. "मालविकाला सांग, पुढच्या वर्षी वाण नको देऊ म्हणावं. पोरींना नुसते हरभरे पुरतात." हसून म्हणाल्या, म्हणजे आता ही गोष्ट उद्या घाटावर पोचणार.

संपदाचा नवरा रेल्वेत. दोन वर्षांपूर्वी बदली होऊन आलेले. तिच्या मुलीचा शिपाई स्कूटीच्या हँडलमागे चिकटवला होता. "इतका गोड दिसतो ना, ताई! फेव्हिक्विक लावलं, आता काही हलत नाही बघा." तिने बोटाने ढकलूनही दाखवला. खरंच हलला नाही. काढला असता तर घोट्यातून तुटला असता. गल्लीच्या तोंडाकडे बघत वल्हं उगारून उभा होता. विद्युल्लता म्हणाली, छान आहे, आणि पन्हं न घेता निघाली.

चौघे रामनगरला गेले होते. मालविकाच्या मैत्रिणीच्या नणंदा मुलींना घेऊन आल्या होत्या, पुलावरून रिक्षाने परत गेल्या. त्यांचा फोन लागला नाही. उरलेले दोघे घेणाऱ्या मुली कोण होत्या ते मालविकाला आठवतच नव्हतं. गर्दी होती, ती म्हणाली होती, मी काय तोंडं बघत बसले होते?

शेवटचं घर प्रेमलाकाकूंचं. एकट्या राहतात, ऐंशी उलटली आहे. त्यांना कुणी लहान मुलगी नव्हती, त्यांनी आपणहून मागून घेतला होता. विद्युल्लता आत गेली तर देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी, तिचा वल्हेकरी. कपाळावर कुंकू, पायाशी अक्षता. हळद थेट गमछ्याच्या चुण्यांत गेली होती.

"केवट आहे ना गं हा? रामाला पार नेणारा?" काकू म्हणाल्या. "मी मालविकाला विचारलं, तर म्हणाली असेल बहुतेक."

विद्युल्लता म्हणाली, "हो."

"हाताची पकड बघ. दमलाय, पण सोडत नाही. कुणी केलाय?"

"मी."

"तू?" काकूंनी चष्मा वर करून तिच्याकडे पाहिलं. "एवढं बारीक? डोळे जातील बाई."

सात वर्षांत घरातल्या कुणी ती पकड पाहिली नव्हती. विद्युल्लताला याचं बरंही वाटलं नाही आणि वाईटही. फक्त तिथे खाली बसावंसं वाटलं. बसली थोडा वेळ, पाणी प्यायली. मागायचा प्रश्न नव्हता. उठताना तिने देवाला नमस्कार केला, तो त्यालाही पोचला असणार.

घरी आली तेव्हा विश्वेश बँकेतून आलेला होता. पंख्याखाली बसून कालची उरलेली कैरीची डाळ खात होता. मालविकाचं त्याला सगळं सांगून झालं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"किती मिळाले, ताई?"

"दोन."

"अरेरे." त्याने बोटं चाटली. "मग आता लखनौचं राहिलंच म्हणायचं."

तिने पिशवी टेबलावर ठेवली.

"नाही, म्हणजे पुढच्या वर्षी जा ना. तसंही शुक्रवारी आमच्याकडे ऑडिटचे लोक येतायत. मला रजेचं साहेबांना कसं सांगावं तेच कळत नव्हतं."

"मी सगळ्यांना फोन करून ठेवते, ताई," मालविका म्हणाली. तिचा आवाज दुपारच्यापेक्षा पुष्कळ मऊ झाला होता. "रामनगरचे तर नक्की मिळतील. पुढच्या वर्षी सगळे एकत्र न्या."

आई आतून म्हणाली, "बरंच झालं. मला मेलं धाकधूकच होती. याच्या हातची सुई म्हणजे..."

विश्वेश हसला. "ऐकलंस? माझ्याच अब्रूचा प्रश्न होता."

मालविकाही हसली. तिने विद्युल्लतापुढे पन्ह्याचा पेला ठेवला, वेलदोडा जास्त घातलेला, जसा तिला आवडतो. घर एकदम सैल झालं होतं. गेले पंधरा दिवस सगळे जपून बोलत होते, दोन दिवसांची आखणी करताना कपाळाला आठ्या घालत होते. त्या आठ्या गेल्या. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं. मालविकाने वाण दिलं ते भोळेपणाने, विश्वेशचं ऑडिट खरं होतं, आईची भीती खरी होती. पण अकरा वल्हेकरी गेले म्हणून या तिघांतल्या एकालाही वाईट वाटत नव्हतं, हे तिला पन्ह्याच्या पेल्यासारखं समोर दिसत होतं.

तिने पिशवीतून दोन शिपाई काढले आणि ताटात ठेवले. एकाला वल्हं नव्हतं. दुसऱ्याच्या गुडघ्याला बादलीतल्या साबणाचा पांढरा थर होता. जायचा उत्साह म्हणावा तर तोही आता उरला नव्हता. नऊ कमी घेऊन गेलं तर पहिल्या दिवशीच तिची फौज उडणार होती. पाच तास बसगाडीसारखी थांबणारी रेल्वे, अनोळखी खोली, मग दोन दिवस उभं राहून हरायचं. नुसता विचार करूनच पाय दुखायला लागले. आणि तरी इथे राहायचं म्हटलं की त्याहून जास्त दुखत होते.

फोनवर काशीनाथचा निरोप होता. दीदी, सेना मिली? तिने लिहिलं, पचपन हैं. लगेच उत्तर आलं, चलेगा, कम में भी खेल सकते हैं, बस लिस्ट आज भेज दीजिए.

तिने यादी लिहिली. अकराच्या जागी दोन मांडले, बेरीज कमी झाली ती तशीच ठेवली, आणि पाठवून दिली. मग पन्हं संपवलं, पेला विसळला, पालथा घातला, आणि आईच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली, म्हणजे तिघांनाही ऐकू जाईल.

"शुक्रवारी सकाळच्या गाडीने मी लखनौला जातेय," ती म्हणाली. "नऊ कमी आहेत, तेवढे कमी घेऊन खेळणार. सोमवारी दुपारी येईन."

विश्वेशने मान वर केली. "अगं, पण ऑडिट..."

"सुई सकाळी सातला आहे. बँक दहाला उघडते. दुपारची मालविका देईल, संध्याकाळची तू. आई, उद्या सकाळची सुई विश्वेश देईल आणि मी बाजूला उभी राहीन."