सगळ्यांचे पासवर्ड एकाच्या फोनवर

माझा साडू हुशार आहे, हे मी कधीच नाकारले नाही. माझे म्हणणे एवढेच, की त्याने ती हुशारी जरा कमी वापरली असती तर आज बायकोमुलीजवळ राहिला असता.

माझ्या चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. तिथे बारा वर्षांपासून त्याचे ऑफिस आहे. पुढच्या खोलीत दोन टेबले, तीन स्क्रीन, आणि बसले की एका बाजूला कलणारी खुर्ची. मागच्या खोलीत गॅसची शेगडी आणि एक पलंग. पलंग आधी नव्हता, दोन वर्षांपूर्वी आला. बायकोला सहा तासांवरच्या गावात गणिताच्या शिक्षिकेची पक्की नोकरी लागली, ती मुलीला घेऊन तिकडे गेली, आणि हे महाशय दोन महिन्यांत आवरून येतो म्हणून घर सोडून इथे वर राहायला आले. त्या दोन महिन्यांना आता दोन वर्षे होतील.

तो लोकांच्या वेबसाइट बनवतो, चालवतो आणि त्यांच्या जाहिराती ऑनलाइन लावतो. दंतवैद्य, मोटार शिकवणारी बाई, रोपवाटिकावाला, सामान हलवणारे, असे एक्केचाळीस जण. एक्केचाळीसावा मी. माझ्या साइटवर माणूस घरी बसून स्वतःचा फोटो टाकतो आणि कुठली फ्रेम आपल्याला शोभते ते बघतो. हे त्यानेच केले, आणि फुकट केले. बाजूच्या गल्लीतला चष्मेवाला आजही माझ्यावर जळतो.

घोडे अडले ते पहिल्याच वर्षी. एका फर्निचरवाल्याची साइट त्याने तीन महिने खपून उभी केली, आणि ती तयार झाल्यावर त्या गृहस्थाने ती उचलून दुसऱ्याकडे नेली. साडू आठवडाभर नीट जेवला नाही. मग त्याने ठरवले की पुन्हा असे होऊ द्यायचे नाही. बाजारात मिळणारी, सगळ्यांना येणारी साधने त्याने बाजूला ठेवली आणि स्वतःची यंत्रणा लिहायला घेतली. सगळ्या साइट त्या एकाच यंत्रणेवर. सगळ्यांच्या साइटची नावे स्वतःच्या नावावर. जाहिरातींच्या सगळ्या खात्यांना स्वतःचा फोन नंबर. म्हणजे गिऱ्हाइकाला स्वतःच्याच खात्यात शिरायचे असले तरी सहा आकड्यांचा ओटीपी ह्याच्या फोनवर येणार, आणि हा सांगणार तेव्हा तो आत जाणार. "एकदा आत आला की बाहेर जात नाही," असे तो मला मोठ्या खुशीत सांगायचा. मीही त्याची पाठ थोपटली होती, खोटे कशाला बोलू?

तेव्हापासून माझी बायको त्याला 'पासवर्ड' म्हणते. "पासवर्ड जेवायला येणार आहेत का?" असे विचारते. तो येतो, पण ताटाशेजारी फोन उलटा कधी ठेवत नाही. अंघोळीला जाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून साबणाच्या शेजारी ठेवतो. त्याच्याशी सलग दहा मिनिटे बोललेला माणूस मला दाखवा, मी त्याला चष्मा फुकट देईन.

गेल्या वर्षी मुलीची पोहण्याची शर्यत होती. आम्ही सगळे गेलो होतो. शिट्टी वाजली, मुलींनी पाण्यात उड्या मारल्या, आणि ह्याचा फोन वाजला. मोटार शिकवणारी बाई. तिला जाहिरात बदलायची होती. तो खाली मान घालून आकडे सांगू लागला, तिने एक आकडा चुकीचा घेतला, त्याने पुन्हा सांगितले. मान वर केली तेव्हा मुलगी टॉवेल गुंडाळून समोर उभी होती. तिने विचारले, "बाबा, मी कितवी आले?" त्याने माझ्याकडे पाहिले. मी हळूच दोन बोटे दाखवली. दहा वर्षांची पोर ती, तिने माझी बोटे पाहिली आणि ती कपडे बदलायला गेली.

त्या दिवशी मी त्याला खूप बोललो. मोठा साडू आहे, तेवढा हक्क आहे माझा.

माझ्या बोलण्यामुळे नव्हे, पण ह्या वर्षी त्याने मनावर घेतले. बायकोच्या गावातल्या एका शिक्षणसंस्थेच्या संगणक विभागात जागा निघाली. दहा ते साडेपाच काम, आणि नंतर घर. त्यांना हा पसंत पडला. अट एकच होती, स्वतःचा कसलाही धंदा चालू ठेवायचा नाही. पंचवीस तारखेपर्यंत होकार कळवायचा, एक तारखेला हजर व्हायचे. बायकोचा फोन आला की तो पहिल्यांदाच हसत बोलताना ऐकू येऊ लागला.

सगळी गिऱ्हाइके कुणाच्या तरी पदरात घालून मोकळे व्हायचे, असा त्याचा बेत होता. पुलाजवळच्या मोठ्या इमारतीत ह्याच कामाची एक कंपनी आहे, ती आनंदाने तयार झाली. त्यांनी यंत्रणा बघायला एक इंजिनियर मुलगी पाठवली. ती तीन दिवस त्या कलत्या खुर्चीत बसून वाचत होती. चहा द्यायला मी दोनदा वर गेलो. चहा निमित्त, चौकशी खरी. दुसऱ्या दिवशी ती त्याला विचारत होती, की इथे 'याला हात लावू नये' असे लिहिले आहे, ते का? साडूने ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाला, आता मलाही आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी तिने लॅपटॉप मिटला आणि फार अदबीने सांगितले, "सर, हे कुणालाच चालवता येणार नाही. तुम्हाला सोडून."

साडूच्या चेहऱ्यावर आधी बरे वाटल्याची छटा आली. मी ती स्पष्ट पाहिली, आणि मला त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली. आपण काय ऐकले ते त्याला जरा उशिरा कळले.

त्या इंजिनियर मुलीने रस्ता सांगितला, पण तो सोपा नव्हता. प्रत्येक साइट नव्याने बांधावी लागेल, त्यात सात-आठ महिने जातील. तोवर जुन्या बंद. एखाददुसरी चालू ठेवता येईल का, असे त्याने विचारले. ती म्हणाली, यंत्रणा एकच आहे, एक चालू ठेवायची तर सगळे चालू ठेवावे लागेल आणि त्यावर बसायला तुम्हीच लागाल. हे मी माझ्या कानांनी ऐकले. चहाचे कप गोळा करत होतो मी.

पुढचे चार दिवस तो नुसता खोलीत फेऱ्या मारत होता, खाली दुकानात मला पावले ऐकू यायची. शेवटी चोवीस तारखेला सकाळी मीच वर गेलो. म्हटले, सगळ्यांना पत्र पाठव, बंद म्हणजे बंद, मी इथे बसलोय. आम्ही दोघांनी मिळून मजकूर लिहिला. कौटुंबिक कारणामुळे व्यवसाय थांबवत आहे, महिनाअखेरीला सर्व साइट बंद होतील, नव्या कंपनीचा पत्ता सोबत. अकरा वाजता त्याने बटण दाबले.

अकरा वाजून चार मिनिटांनी पहिला फोन आला. मग दिवसभर तेच. मी दुकान बायकोवर सोपवून वर बसून राहिलो, तो कच खाईल अशी मला भीती होती. पण खरे सांगतो, त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला. रोपवाटिकावाल्याने हंगामाचे गाऱ्हाणे गायले. दंतवैद्य म्हणाला, विश्वासघात आहे हा. मोटार शिकवणारी बाई रडली. प्रत्येकजण आधी म्हणत होता की बरे केलेस, घरच्यांकडे जायलाच हवे, आणि लगेच पुढे, पण आमचे तेवढे बघ. साडू सगळ्यांना एकच उत्तर देत होता, नाही जमणार. आवाज कापत होता, पण शब्द बदलला नाही. संध्याकाळी पाच वाजेपर्यंत त्याने चाळीस जणांना नाही म्हटले होते.

मग त्याने फोन टेबलावर ठेवला, उलटा ठेवला, आणि माझ्याकडे बघून हसला. इतके हलके झालेले मी त्याला कधी पाहिले नव्हते.

"दादा, तुमचं काय करायचं?" त्याने विचारले.

त्याने नुसते रीत म्हणून विचारले होते. माझे उत्तर ठरलेलेच आहे असे त्याला वाटत होते. मलाही वाटत होते. पण त्या क्षणी मला दिसले ते आठ महिने बंद असलेली माझी साइट, आणि बाजूच्या गल्लीत शिरणारी माझी गिऱ्हाइके. तोंडातून निघून गेले.

"माझी राहू दे की चालू. घरचंच आहे. एकानं काय होतंय?"

त्याचे हसू हळूहळू गेले. मी लगेच म्हणायला हवे होते, की अरे, चुकलो, बंद कर. तोंडाशी आलेही होते. मी कपबशा उचलल्या आणि खाली आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने दंतवैद्याला उलटा फोन केला होता. मग रोपवाटिकावाल्याला. मी जिन्यात गाठून विचारले, तर शांतपणे म्हणाला, "घरच्याचं चालू आणि त्यांचं बंद, हे मी कुठल्या तोंडानं सांगू, दादा?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, आणि भांडता भांडता कदाचित माझी साइट बंद कर असे ओरडलोही असतो. पंचवीस तारीख तशीच मावळली. संस्थेला त्याने होकार कळवला नाही.

सव्वीसला सकाळी मी दुकान उघडत होतो तेव्हा मेहुणीचा फोन आला. तिचा आवाज नेहमीसारखा होता, फळ्यासमोर उभी असल्यासारखा.

"भावोजी, चोवीसला तुम्ही दिवसभर त्यांच्याजवळ होतात ना?"

मी होतो म्हणालो.

"मला रात्री म्हणाले, सगळ्यांना नाही सांगितलंय. मग झालं काय? विचारलं तर काही सांगत नाहीत."

म्हणजे त्याने माझे नाव घेतले नव्हते. मी हातातले कुलूप काउंटरवर ठेवले.

ती म्हणाली, "हिनं परवाच कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेवलाय बाबांच्या कपड्यांसाठी. तिला काय सांगू मी?"

"सांग," मी म्हणालो, "एक गिऱ्हाईक ऐकेना."

कोण, ते तिने विचारले नाही. मीही सांगितले नाही.