हंडा उतरवून देणाऱ्या वहिनी

ही गोष्ट सांगायचं मी आठ वर्षं टाळलं. हिरावहिनींच्या दहाव्याला मला दोन शब्द बोलायला उभं केलं, तेव्हाही त्यांच्या कष्टांचं कौतुक करून मी खाली बसलो. सांगायचं होतं ते गिळलं. आता माझं वय ऐंशीच्या घरात आहे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. आमचं गाव पौडजवळचं भरे. मी शाळामास्तर, त्या शाळेची पायरीही न चढलेल्या. रस्त्यात ओझ्यापाशी अडलेली बाई दिसली, की हातातलं काम टाकून त्या धावत. हंडा असो, पाटी असो, गवताचा भारा असो. डोक्यावर चढवून द्यायला कोणीही हात लावतं. वहिनी मात्र त्या बाईबरोबर तिच्या दारापर्यंत चालत जात. "चढवाय धा जनी येत्यात, भावजी. घरी गेल्यावर उतरवाय कोन हाय तिला?" यापायी चुलीवरचं दूध कितीदा उतू गेलं. भाऊ चिडला की म्हणायच्या, "म्हस उद्या बी दूध दिल. तिची मान मोडली म्हंजी?"

भाऊ गेल्यानंतर एका दिवाळीत त्यांच्या मुलानं, संतोषनं, आम्हा सगळ्यांना राजस्थानात नेलं. दोन गाड्या, अकरा माणसं. कसली घाई नव्हती. एक रस्ता, चार दुकानं आणि मागे वाळू, असं एखादं गाव आलं की उतरायचं, चहा प्यायचा, पुढे निघायचं. वहिनींनी घरून तांदळाच्या पिठाचा डबा घेतला होता. वाळू पाहून त्यांनी पहिला प्रश्न केला, "आगं बया, हितं भात कुटं लावत्यात?"

"आज्जी, इथं पाऊसच नसतो," नात म्हणाली.

"मंग आपला निम्मा हिकडं धाडा की! आपल्याकडं लई झालाय."

गाडीत बसताना माणसं मोजायचं काम माझं. सारा जन्म हजेरी घेण्यात गेलेला. "नानांनी मोजलं म्हणजे झालं," संतोष म्हणायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी अशाच एका गावात थांबलो होतो. मी चहाच्या दुकानापुढच्या खाटेवर मोबाईलवर क्रिकेटचा सामना पाहत होतो. समोरच्या नळावर एक बाई दोन हंडे घेऊन अडली होती. वहिनी माझ्यापाशी आल्या. "भावजी, तिला हंडा चढवून देते आन् घरापातुर जाऊन येते. गाडी थांबवा."

मान वर न करता मी म्हणालो, "हो, हो. या."

सामना संपला. संतोषनं पुढच्या गाडीतून हाक मारली, "नाना, समदी बसली का?" मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो, मागच्या गाडीच्या काळ्या काचांकडे नजर टाकली आणि म्हणालो, "अकरा. चल." मोजलं नव्हतं. मागच्या गाडीतल्यांना वाटलं, वहिनी पुढच्या गाडीत बसल्या असतील.

पाऊण तासानं डिझेल भरायला थांबलो, तेव्हा कळलं. परत आलो तर वहिनी त्या बाईच्या अंगणात चुलीपुढे बसून बाजरीची भाकरी थापत होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघी एकदमच बोलत होत्या. आम्हाला पाहून वहिनी म्हणाल्या, "बसा की, गरम हाय."

संतोषचा जीव घाबरा झाला होता, म्हणून तो ओरडला. "आये, सांगून जायाला काय झालं हुतं तुला?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसायला लागलो.

मग त्या म्हणाल्या, "चुकलं बाबा. ध्यानात न्हाई राहिलं." निघताना पिठाचा डबा त्यांनी त्या बाईला देऊन टाकला.

ते वाक्य त्यांना फार महागात पडलं. आईला विसर पडतो, हे घरात ठरून गेलं. आधी त्याची थट्टा झाली, मग नियम झाला. पौडच्या बाजाराला एकटीनं जाणं बंद झालं. पुढच्या सहलींना त्यांना घरीच ठेवलं. अंगणाच्या फाटकाला कुलूप लागलं. संतोष हे सगळं काळजीनं करत होता. रस्त्यानं भारा घेतलेली बाई चालली, की वहिनी आतूनच ओरडत, "दमानं जा गं! घरी हाय का कोन उतरवाय?" माझं घर दोन घरं सोडून. मला रोज ऐकू यायचं.

एकदा ओट्यावर वालाच्या शेंगा सोलता सोलता त्यांनी विचारलं, "भावजी, त्या दिशी तुमाला ऐकू आलं नसंल, व्हय ना? मोबाईल चालू हुता."

खरं बोलायला इतकी सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. मी म्हणालो, "नाही वहिनी. नाही ऐकलं."

हातातली शेंग त्यांनी न सोलताच खाली ठेवली. "मंग मी सांगितलंच नसंल," त्या म्हणाल्या. "समदी म्हनत्यात ते खरं असंल. माजं मलाच कळंना झालंय."

गेल्या चैत्रात त्या गेल्या. शेवटच्या आठवड्यात मी रोज त्यांच्या उशाशी जाऊन बसायचो. एका सकाळी संतोष औषधं आणायला गेला आणि आम्ही दोघंच उरलो. त्यांनी डोळे उघडले. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "पाणी देऊ?"

संतोष, तुझ्या आईला विसर पडला नव्हता. ती मला सांगून गेली होती.

वहिनी, मी ऐकलं होतं. चुकलं माझं.