माजी बायको बसायला जाते

समस्त वऱ्हाडवासीयांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, माझा नवरा वारला आणि मी विधवा झाले नाही. घटस्फोटाला दहा वर्षं झाली असल्याने आणि त्याने दुसरी न केल्याने सदर पद रिक्तच राहिले. अशा बाईने टिकली लावावी की काढावी, रडावं की डाळ टाकावी, याबाबत कुठेही नियम सापडला नाही.

मी अमरावतीत लग्नांची, सत्कारांची, निरोप समारंभांची सूत्रसंचालनं करते. माईक बंद पडला तरी मला फरक पडत नाही. नवरा अकोल्याचा, आणि त्याचं तोंड कायम खर्ऱ्याने भरलेलं. सुपारी-तंबाखूचा तो तोबरा सांभाळायचा की बायकोशी बोलायचं, यात त्याने नेहमी तोबरा निवडला. नऊ वर्षांच्या संसारात तो जेवढं बोलला तेवढं एका लग्नपत्रिकेत मावेल, ‘कृपया आहेर आणू नये’ या ओळीसकट. भांडण झालं की पंधरा-पंधरा दिवस चूप. मी भांड्यांशी बोलायचे. शेवटी निघून आले.

तो गेल्याचं व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. फुलांच्या चौकटीत त्याचा ओळखपत्रावरचा फोटो, खाली दोन हात जोडलेले. तो पाहिला. आणि मला तो फोन आठवला.

तीन आठवड्यांपूर्वी भर दुपारी त्याचा फोन आला होता. मी ‘हॅलो’ म्हटलं. पलीकडे नुसता श्वास. पुन्हा ‘हॅलो’. पुन्हा श्वास. मग मी जी सुटले! दहा वर्षांनीही तोंड उघडत नाही का, मग फोन काय श्वास मोजायला केला का, तुझ्यापेक्षा भिंतीशी लग्न केलं असतं तर दिवाळीला निदान रंग तरी देता आला असता. असा पाच मिनिटांचा कार्यक्रम सादर करून मी फोन कापला. खरं सांगायचं तर वाक्यं छान जमली होती. संध्याकाळी मैत्रिणीला म्हणूनही दाखवली.

आता तीच त्याला ऐकवलेली माझी शेवटची वाक्यं होती. त्याने फोन कशासाठी केला होता, एवढं कळल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. पाचव्या दिवशी मयतीच्या घरी बसायला जायचं म्हणून मी अकोल्याची एसटी धरली. टिकली बडनेऱ्याला काढली, मूर्तिजापूरला परत लावली.

त्याच्या घरी बैठकीच्या खोलीत सतरंजीवर चार-पाच बायका होत्या. माजी सासूबाई भिंतीला टेकलेल्या.

“हे कोन व्हय वं?” एकीने शेजारणीला विचारलं.

“त्याची बायको. सोडलेली.”

“कोनं कोनाले?”

प्रश्न रास्त होता. कोर्टातही त्यावर दीड वर्ष गेलं होतं.

मी सासूबाईंजवळ सरकले. “काय झालं होतं?”

“तोंडाचा कॅन्सर. दोन महिन्यांआंधी जीभ काढली त्याची. तुले नाई मालूम?”

मी पंख्याकडे पाहत राहिले. तो बंद होता.

“मग... फोन?”

“मीच लावून देल्ला. तिले लाव म्हनून कागदावर लिवलं त्यानं. कानाशी मीच धरला होता.”

“ऐकून काय केलं त्याने?”

“काई नाई. डोये मिटून ऐकलं. तू फोन कापला, तं बोटानं दाखोलं, अजून लाव म्हून.”

“मग?”

“मी नाई लावला. तू काय काय म्हनून रायली होती ते मलेई ऐकू येऊन रायलं होतं. राग आला मले.” त्या सतरंजीचा एक दोरा ओढत होत्या. “दोनदा दाखोलं त्यानं. नाईच लावला मी.”

माझा आवाज ऐकायचा होता, माफी मागायची होती, की दुपारची नुसती करमणूक, ते त्याच्यासोबत गेलं. कोणत्याही समारंभातली शांतता मी अर्ध्या मिनिटात भरून काढते. इथे मी सतरंजीचा दुसरा दोरा धरला. फोन कापणारी मी आणि परत न लावणाऱ्या त्या, अशा आम्ही दोघी एकाच भिंतीला टेकून बसलो. कुणी कुणाची समजूत काढली नाही. काढण्यासारखं काही नव्हतं.

गाडीची वेळ झाली तशी उठले. पदर सावरला आणि सवयीने तोंडातून वऱ्हाडीतच निघून गेलं, “येतो, आई.”

बायकांच्या माना वळल्या. मयतीच्या घरून निघताना असं म्हणत नाहीत. मुकाट्याने उठायचं असतं, नाहीतर पुन्हा अशाच कामाला यावं लागतं.

“आवो बाई, ‘येतो’ काय म्हनता!” शेजारीण खेकसली. “समजत नाई का?”

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“म्हनू दे वं तिले! मागच्या डाव ‘जातो’ म्हनून गेलती थे.”