निळ्या माशाला जोड

मी चिडका माणूस आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पण त्या माशाच्या बाबतीत मी चिडायला उशीर केला, आणि चिडलो तेही चुकीच्या माणसावर.

वडील, म्हणजे आमचे अण्णा, दोन वर्षांपूर्वी टेंभुर्णीचं शेत माझ्या चुलतभावाच्या हवाली करून जालन्याला माझ्याकडे राहायला आले. आई आधीच गेली होती आणि अण्णांचे गुडघे कामातून गेले होते. बैलजोडीही भावाच्या दावणीला गेली. अण्णांनी जन्मभर शेतीच केली, पण आसपासच्या गावांत त्यांची ओळख होती ती जोड शोधण्यासाठी. कुणाचा एक बैल गेला की तो माणूस सकाळीच आमच्या दारात हजर. मग अण्णा उपरणं खांद्यावर टाकून त्याच्याबरोबर बाजाराला निघायचे, कधी कधी थेट मंठ्यापर्यंत. पुढून सगळेच बैल देखणे दिसतात म्हणायचे, म्हणून मागून बघायचे. उंची, पाठ, शिंगांचा बाक, चाल. जोड एकसारखी नसली की जू एका अंगाला कलतं आणि दोघांचीही मान सोलते. अण्णा येताना दिसले की दलाल थापा मारायचं बंद करायचे.

फ्लॅटमध्ये त्यांना बघायला काहीच नव्हतं. दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, हाक मारली की जेवायला यायचे, काहीही विचारलं तरी ‘बरं हाये’ म्हणायचे. मला त्या ‘बरं हाये’चाही राग यायचा. शेवटी ऑफिसातल्या एकाच्या सांगण्यावरून मी काचेची टाकी आणि सिक्लिड जातीच्या माशाचं एक पिल्लू घेऊन आलो. बोटाएवढं, निळं, अंगावर काळे पट्टे. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की त्यात डाळ शिजता शिजत नाही. हे पाणी म्हणे याच जातीला मानवतं.

दुकानदाराने तेव्हाच मला बजावलं होतं. “साहेब, मासा भांडखोर आहे. याच्यासारखाच दिसणारा दुसरा बिलकुल टाकू नका. आपल्या रूपाचा दिसला की याला वाटतं, आपली जागा घ्यायला आला. टाकायचेच तर वेगळ्या रंगाचे टाका, आन् एकटा न्हाई, पाच-सहा. म्हंजे याचा राग सगळ्यांत वाटला जातो.”

आठवड्याभरात अण्णांची खुर्ची गॅलरीतून टाकीसमोर आली. त्यांना बघितलं की ते पिल्लू काचेशी येऊन तोंड उघडझाप करायचं. एके संध्याकाळी मी चपला काढतोय तोच अण्णा म्हणाले, “एकटं जनावर अंग धरीत न्हाई. मी रोज बघून राह्यलो. याला जोड बघावी लागंल.”

इथे आल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

रविवारी दुकानात गेलो. अण्णांनी उपरणं घेतलं होतं. ते एकेका टाकीपुढे गुडघ्यांवर हात टेकून वाकले, मग टाकीच्या मागच्या बाजूला गेले आणि तिथून बघू लागले. दुकानदाराला हसू येत होतं. मला मात्र हसू आलं नाही. मी लहानपणी त्यांना बाजारात असंच बघितलं होतं, आणि तेव्हा मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

तासाभराने त्यांनी बोट ठेवलं. तसाच निळा, तेवढाच लांब. “हा बघ. उंची बराबर, अंग बराबर, पट्टेसुदिक तेवढेच. अशी जोड चार बाजार हिंडून भेटत न्हाई.”

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं आणि बोलायला तोंड उघडलं. मी त्याला डोळ्यांनी गप केलं. अण्णांचा चेहरा तसा खुललेला मी आई गेल्यापासून पाहिला नव्हता. म्हटलं, दोन्ही पिल्लंच आहेत, निभावून जाईल. दुकानदाराने खांदे उडवले आणि मासा पिशवीत भरून दिला.

पहिल्या दिवसापासून जुना नव्याच्या मागे लागला. नव्याला दगडाजवळ थारा नाही, दाण्याजवळ नाही. तो वरच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीआड उभा राहू लागला. अण्णा म्हणायचे, “नवी जोड आधी ढुशा देतीच. दोन दिवसांनी गप व्हतीन.” मी नव्याला बादलीत काढू शकलो असतो. काढलं असतं तर का काढलं ते सांगावं लागलं असतं. पाचव्या दिवशी सकाळी तो पाण्यावर आडवा तरंगत होता. शेपटी कुरतडून संपली होती.

अण्णांनीच त्याला चहाच्या जुन्या गाळणीने बाहेर काढलं. गाळणी हातात धरून ते नुसते उभे राहिले. आणि मी, ज्याला सगळं ठाऊक होतं तो मी, बायकोसमोर मोठ्याने म्हणालो, “अण्णा, मासे म्हंजे बैल न्हाईत. तुमची ती नजर टेंभुर्णीत ठीक होती, इथं तिचा काही उपयोग न्हाई.”

त्यांनी मासा कुंडीतल्या मातीत पुरला.

पुढच्या रविवारी मी एकटाच जाऊन पाच पिवळी पिल्लं आणली. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे आधी टाकीतले सगळे दगड हलवून ठेवले, म्हणजे जुन्याला आपली जागा ओळखू येत नाही. थोडी धावाधाव झाली आणि मिटली. आज सहाही जण सुखाने राहतात. अण्णा सकाळी दाणे टाकतात, पण खुर्चीवर बसून बघत नाहीत.

गेल्या महिन्यात चुलतभावाचा फोन आला. त्याचा एक बैल मेला होता. “काकांना घेऊन ये. त्यांच्याबिगर जोड घेणार न्हाई मी.” मी फोन अण्णांच्या हातात दिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तूच बघ बाबा. मला आता जोड कळत न्हाई.”

फोन बंद झाल्यावर मी त्यांच्यासमोर बसलो आणि एकदाचं सांगून टाकलं. दुकानदाराने आधीच बजावलं होतं. त्या दिवशी तो बोलणार होता, मीच त्याला गप केलं. तुम्ही खूश दिसलात म्हणून.

“तुला ठाऊक व्हतं?”

“हो.”

अण्णांनी टाकीकडे बघितलं. मला वाटलं, आता त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल, चूक त्यांची नव्हतीच हे कळेल.

“बैलात खोट दिसली आन् मी गप बसलो, असं एकदाबी झालं न्हाई,” ते म्हणाले. “घेणारा सोयरा असो का इकणारा. समोरचा किती का खूश असंना. आपल्या गप बसण्याचं मुक्या जनावराला भोगावं लागतं.”

मग ते उठले आणि टाकीसमोरची खुर्ची उचलून गॅलरीत घेऊन गेले. गुडघ्यांमुळे दोनदा थांबले. मी पुढे झालो तर त्यांनी हातानेच नको म्हटलं.

भाऊ शेवटी एकटाच बाजाराला गेला. बैल कसा निघाला हे अण्णांनी विचारलं नाही. विचारायचं धाडस मलाही झालं नाही.