पुसलेली धूळ

ताई कुठलाही फोटो बघण्याआधी उठून ट्यूबलाइट बंद करायच्या. "थांब जरा. आधी डोये निवू दे." मग मिनिटभर अंधारात बसून राहायच्या. समोर गिऱ्हाईक असलं तरीही.

अमरावतीत आम्ही एकाच फोटो स्टुडिओत कामाला होतो. ताई लग्नाचे अल्बम नीट करायच्या. नवरीच्या कपाळावरचा घाम, मांडवातली लोंबती वायर, मध्येच डोकं घालणारा मामा, सगळं बेमालूम पुसायच्या. तुमचं लग्न अमरावतीत झालं असेल, तर तुमचाही घाम कदाचित त्यांनीच पुसला असेल.

उन्हाळ्यात मात्र दर शनिवारी त्या वरूडची एसटी धरायच्या. तिथे भावाची संत्र्याची बाग होती आणि शहराचा उजेड नव्हता. कॅमेरा, लांब भिंग, आकाशासोबत हळूहळू फिरणारी मोटर एवढं सामान. सप्तर्षींजवळच्या दोन दीर्घिकांचे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच पण फार दूरच्या तारकाविश्वांचे, शेकडो फोटो काढायच्या आणि आठवडाभर, डबा खाऊन झाला की, ते संगणकावर एकावर एक रचत बसायच्या.

"एका फोटोत काई नाई दिसत. बेरीज केली का दिसते," म्हणायच्या.

एकदा अकोल्याच्या एका कॉलेजात आकाशाच्या फोटोंचं प्रदर्शन होतं. कॉलेजवाल्यांनी ताईंनी काढलेला दीर्घिकांचा फोटो मागवला. आजवर कोणी मागितला नव्हता. छापायचं काम माझ्याकडे आलं. दीर्घिकांच्या भोवती मला धुरकट पट्टे दिसले. वाटलं, ताईंच्या नजरेतून सुटले. मी सवयीने सगळं काळंभोर करून टाकलं.

अकोल्याला आम्ही दोघं गेलो. हॉलमध्ये गुंडाळी उघडली, आणि ताईंनी दीर्घिकांभोवतीच्या काळ्या भागावरून बोट फिरवलं.

"हे काहून पुसलं?"

"डाग वाटले ना ताई मले. धूर आल्यासारखे."

"धूळ होती ते. आपल्याच आकाशगंगेतली. त्या दीर्घिका तिच्या पार मांगं हायेत. दोन उन्हाळे त्या धुळीसाठीच बसली मी."

पुन्हा छापायला वेळ नव्हता. "काढून टाकू का?" मी विचारलं. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं, एक कागद मागितला आणि लिहून फोटोखाली चिकटवला: 'या दीर्घिकांसमोर धूळ होती. ती आमच्याकडून पुसली गेली.'

आमच्याकडून. मी तो शब्द दिवसभर वाचत उभा होतो.

एक प्राध्यापक म्हणाले, "काय स्वच्छ फोटो आहे!"

"स्वच्छ हाये सर," ताई म्हणाल्या, "पण खरा नाई."

परतीच्या बसमध्ये, मूर्तिजापूर गेल्यावर, त्या म्हणाल्या, "सोमवारी लवकर ये. ते धूळ कशी वर काढाची, तुले शिकवीन."

आणि शिकवलं. उजेड कणाकणाने वाढवायचा, तारे भाजून पांढरेफटक पडू द्यायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी मला ती धूळ दिसली. दुधाची साय हलावी तशी.

मागच्या पावसाळ्यात ताई आजारी पडल्या आणि महिनाभरात गेल्या. पुढे त्यांचा भाऊ स्टुडिओत आला. बागेतल्या शेवटच्या फेरीचे फोटो हार्डडिस्कमध्ये तसेच पडून होते. "तुमीच करा पुरे," म्हणाला.

मी एकेक फोटो उघडत गेलो. दीर्घिका खाली उतरत गेल्या, संत्र्याची फांदी आडवी आली, मग आभाळ फटफटलं. शेवटच्या फोटोत नुसतंच काहीतरी मोठं, अंधूक, तांबूस होतं. भिंगावर झाकण लावायला आलेला ताईंचा तळहात आहे, हे कळायला मला वेळ लागला.

तेवढा फोटो मी बेरजेत धरला नाही. वेगळा ठेवला.