आमच्या घरातली अडत

दुसऱ्याच्या संसाराची इतक्या प्रेमानं धूळधाण करणारा माणूस माझ्या सासऱ्यांखेरीज अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल. लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. नव्या कचेऱ्यांना माणसं हवी होती, त्यात माझ्या बायकोला तात्पुरती नोकरी लागली. पण आई उंबऱ्याबाहेर पडली की आमची दीड वर्षाची लेक घर डोक्यावर घ्यायची. तिला सांभाळायला कोणी मिळालं नाही तर बायकोला नोकरी सोडावी लागणार होती. इकडे दुष्काळानं सासऱ्यांची उदगिरातली अडत, म्हणजे शेतकऱ्यांचं धान्य विकून देण्याची पेढी, ओस पडलेली. धान्य येईना, हमाल दिवसभर पत्ते कुटत बसायचे. एके सकाळी सासरे खांद्यावर रुमाल टाकून आमच्या दारात उभे राहिले. "पोरगी मी बघतो. तुमी निघा आपापल्या कामाला," म्हणाले. मी लेकीसाठी हौसेनं आणलेलं चावीचं माकड त्यांनी पहिल्याच दिवशी फळीवर चढवलं. "खेळणी कशाला, जावईबापू? घरात कामं काय कमी हायत?"

ही कामं म्हणजे काय, ते आम्हाला संध्याकाळी परतल्यावर कळायचं. वर्षाची निवडून ठेवलेली तुरीची आणि हरभऱ्याची डाळ ते सुपात मुद्दाम एकत्र ओतायचे आणि लेकीला वेगळी करायला बसवायचे. दीड वर्षाचं मूल किती डाळ वेगळी करणार? त्या काळात आमच्या वरणाला कुठल्याही एका डाळीची चव म्हणून कधी आली नाही. पण माझं पित्त खवळलं ते पाण्यावरून. टँकर येईल तेव्हा येणार, मी अर्ध्या बादलीत आंघोळ उरकायचो, आणि हे गृहस्थ परातीत तांब्याभर पाणी घेऊन लेकीकडून आधी बटाटे धुऊन घ्यायचे, मग चमचे, आणि शेवटी माझ्या चपला! मी चिडून बोललो तर म्हणाले, "वाया काय बी गेलं न्हाई. तेच पाणी तुळशीला घातलं. आन् लेकरू रडलं का, ते इचारा की!" लेकरू रडलं नव्हतं, हे खरं. पण घरात माझ्यापेक्षा माझ्या चपला स्वच्छ होत्या, हे मी आजही विसरलेलो नाही.

जेवणाची तर त्यांनी चक्क अडतच मांडली. त्यांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवत. तसंच लेकीनं रुमालाखाली त्यांची बोटं दाबायची, जितकी दाबली तितके दूधभाकरीचे घास. "न्हाई परवडत बाई, अजून एक दाब!" असं ते कळवळून ओरडायचे, ती खिदळत आणखी दाबायची आणि तेवढे घास खायची. हे घरातल्या घरात होतं तोवर मी सोसलं. पण एक दिवस बायकोच्या कचेरीतले साहेब चहाला आले. पुण्याचा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि नोकरी पक्की करणं त्यांच्याच हातात. ते टेकतात न टेकतात तोच लेकीनं त्यांच्या हातावर रुमाल टाकला आणि आत हात घालून सगळी बोटं दाबली. साहेब कौतुकानं हसले. सासरे गंभीरपणे म्हणाले, "साहेब, सौदा झाला. पाच घास तुमच्या नावावर. आता माघार न्हाई." आणि आमच्या लेकीनं साहेबांना, त्यांच्या शर्टावर ठिबकवत, दूधभाकर भरवली.

"अहो मामा, ते साहेब आहेत!" मी कुजबुजलो.

"सौद्याला साहेब काय आन् हमाल काय!" ते खणखणीत आवाजात बोलले.

साहेब निमूट जेवले. पुढं नोकरी पक्की झाली. बायकोनं मरमर काम केलं होतं, पण सासरे जन्मभर त्याचं श्रेय दूधभाकरीला देत राहिले.

मग पाऊसपाणी झालं, अडतीवर धान्य येऊ लागलं, तरी सासरे हलेनात. लेक बालवाडीत जायची झाली तेव्हा तिला पोचवायला तेच निघाले, सोबत मी. "रडल, लई रडल," वाटभर मला बजावत होते. "रडली तर घरी घिऊन यायचं. उद्याचं उद्या बघू." खिशात गूळफुटाणे भरून घेतले होते. बालवाडीत बाई मुलांना घेऊन शेंगा सोलत बसल्या होत्या. लेकीनं आजोबांचं बोट सोडलं, मुलांत जाऊन बसली आणि सराईतपणे शेंगा सोलू लागली. एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

सासरे कुंपणाशी बराच वेळ उभे होते. "रडली न्हाई," म्हणाले. "चांगलं झालं की." मग त्यांनी विचारलं, "दुपारची उदगीरची गाडी आसल ना?"

सासऱ्यांवर मी आयुष्यभर चिडलो, पण त्या क्षणी पोटच्या पोरीचा आला तेवढा संताप मला त्यांचाही कधी आला नव्हता. थोडं तरी रडायचं होतं तिनं.